नेच्याच्या पानातल्या शिरांची मोजणी : सातारा, पावसाळी हंगामाच्या नोंदी

२२ जून

हंगामासाठी नेच्यांच्या (फर्नच्या) चार जाती पक्क्या केल्या : हंसराज (ॲडिअँटम फिलिपेन्स), टेरिस व्हिटाटा, ख्रिस्टेला डेंटाटा आणि टेक्टारिया कोअड्युनाटा. निवड शिरांच्या रचनेवरून आहे. हंसराजाच्या पर्णिकेला (पानाच्या छोट्या पात्याला) मधली शीर नसते. देठापासून शिरा पसरतात, दोन-दोन फाटे फुटत कडेपर्यंत जातात आणि एकमेकींना कुठंही मिळत नाहीत. टेरिस व्हिटाटात मधल्या शिरेपासून बाजूच्या शिरा निघतात, काही साध्या, काही एकदा फाटलेल्या, पण त्याही मोकळ्याच. ख्रिस्टेलात शेजारच्या दोन खंडांच्या सगळ्यात खालच्या शिरा एकत्र येतात आणि त्या जोडातून निघालेली एक शीर दोन खंडांमधल्या खाचेकडे जाते. टेक्टारियात पुरी जाळी.

मोकळ्या शिरांपासून जाळीपर्यंतच्या या चौघांना शिराघनता हा एकच मापदंड लावता येतो का, आणि कुठं तो अपुरा पडतो, हे पाहायचं आहे. शिराघनता म्हणजे पानाच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये शिरांची एकूण लांबी किती मिलिमीटर. फुलझाडांत ती सरासरी ८ असते आणि २५ पर्यंत जाते. बाकीच्या वनस्पतींत, नेचे धरून, सरासरी २ च्या आसपासच राहते. म्हणून इथं हात जपून चालवायचा. ०.२ ची चूक फुलझाडात खपून जाईल, नेच्यात तीच चूक दहा टक्क्यांची होते.

३० जून

पहिले नमुने आणले. हंसराज आणि ख्रिस्टेला मेढ्याकडच्या शेतबांधांवरून, मालकांच्या परवानगीनं. टेरिस व्हिटाटा साताऱ्यातल्याच जुन्या चुन्याच्या भिंतीवरून. या नेच्याला चुना मानवतो, त्यामुळं सिमेंटच्या नव्या भिंतींपेक्षा जुन्या बांधकामाच्या सांध्यांत तो आधी शोधावा. टेक्टारिया महाबळेश्वरच्या बाजूचा, सावलीतला. कासचं राखीव पठार आणि कोयना अभयारण्य या दोन्ही ठिकाणी वनखात्याच्या परवानगीशिवाय एक पानही तोडायचं नाही. आपल्या कामासाठी तिथं जायची गरजही नाही.

पान निवडताना पाळायचं असं :

पूर्ण उलगडलेलं आणि टणक झालेलं पान. गुंडाळी सुटून नुकतंच उघडलेलं पान घेतलं तर शिरा सगळ्या घातलेल्या असतात, पण पातं अजून पसरायचं असतं, आणि घनता खोटी जास्त येते.

पर्णिका पानाच्या मधल्या तिसऱ्या भागातली. बुडाच्या आणि शेंड्याच्या पर्णिका आकारानंच वेगळ्या असतात.

बीजाणुपुंज (बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके) नसलेली पर्णिका. यामागं दोन कारणं आहेत. पुंज गडद असल्यानं खालची शीर झाकते, हे उघड आहे. दुसरं कारण टेरिसमध्ये महत्त्वाचं : त्याचे पुंज कडेलगतच्या एका जोडशिरेवर बसतात. ही शीर बाजूच्या शिरांची टोकं एकमेकांना जोडते. म्हणजे वांझ पर्णिकेत मोकळ्या असलेल्या शिरा बीजाणू धरणाऱ्या पर्णिकेत कडेला जोडल्या जातात आणि लांबीत पूर्ण कडेची भर पडते. एकाच झाडाच्या दोन पर्णिका मिसळल्या की आकडे आपोआप दोन गटांत फुटतात.

हंसराजात अडचण निराळी. त्याची कड मागं दुमडून पुंज झाकते आणि शिरा त्या दुमडीत शिरतात. क्षेत्रफळ वरून मोजलं तर दुमडीचं क्षेत्रफळ सुटतं, शिरेचा तुकडा मात्र धरला जातो. वांझ पर्णिका मिळाली नाही तर दुमडीच्या आतल्या रेषेवर पर्णिका कापायची आणि तसं चिठ्ठीवर लिहायचं.

नमुने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत. हंसराज अर्ध्या तासात मान टाकतो, त्यामुळं पिशवी तोडण्याआधी उघडून तयार ठेवावी.

१ जुलै

रसायनात टाकण्याआधी प्रत्येक पर्णिकेचं ताजं स्कॅन. हे वगळायचं नाही. वाळलेल्या पानाची लांबी-रुंदी प्रत्येकी १० टक्के आटली तर क्षेत्रफळ १९ टक्के घटतं. शिराही १० टक्के आटतात, म्हणून घनता ११ टक्के फुगते. दाबून वाळवलेल्या जुन्या नमुन्यांची ताज्यांशी सरळ तुलना करायची नाही ती यासाठीच. उलट कॉस्टिक सोड्यात पान थोडं फुगतंही. ताज्या स्कॅनवर ओळखता येतील अशा दोन जागा धरायच्या, उदाहरणार्थ दोन ठळक फाटे, आणि त्यांच्यातलं अंतर शेवटच्या चित्रातही मोजायचं. फरक पडला तर त्याच गुणोत्तरानं दुरुस्ती.

आडवे छेद घ्यायचे तुकडे वेगळे काढून एफएए या जतनाच्या द्रावणात टाकले : ७० टक्के अल्कोहोल ९० मिलि, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ५ मिलि, फॉर्मॅलिन ५ मिलि. पारदर्शक करायचे तुकडे यात टाकू नयेत. ते कडक होतात आणि पुढं सोडा लवकर शिरत नाही.

४ जुलै

पारदर्शक करणं सुरू. ५ टक्के कॉस्टिक सोडा : ५०० मिलि द्रावणासाठी २५ ग्रॅम गोळ्या. आधी पाणी, मग थोड्याथोड्या गोळ्या. उलट करू नये, द्रावण उसळतं. साताऱ्यातल्या पावसाळी हवेत गोळ्या वजनकाट्यावरच पाणी ओढून चिकट होतात, म्हणून बाटली उघडून लगेच वजन करावं आणि झाकण घट्ट लावावं. भांडी पॉलिप्रॉपिलीनची. ॲल्युमिनियमचा ट्रे चालत नाही, सोडा त्याला खातो आणि हायड्रोजन सुटतो. काचेचं बूच असलेली बाटलीही नको, बूच कायमचं बसतं. हातमोजे आणि चष्मा कायम.

पर्णिका नायलॉनच्या जाळीच्या दोन तुकड्यांत ठेवून कडेनं टाचून घेतली. नाहीतर हंसराज वळून सुरळी होतो आणि नंतर उलगडताना फाटतो. चिठ्ठी म्हणून खरखरीत प्लास्टिकच्या पट्टीवर पेन्सिलीनं क्रमांक. बॉलपेनची शाई पुढं अल्कोहोलमध्ये विरघळते.

पान तरंगत असेल तर आत हवा आहे. ५० मिलिच्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पान आणि साधं पाणी घ्यायचं, तोंड बोटानं बंद करून दट्ट्या मागं ओढायचा, काही सेकंद धरायचा, सोडायचा. बुडबुडे थांबेपर्यंत असंच करायचं. मग पान सोड्यात. सिरिंजमध्ये सोडा कधीही भरायचा नाही.

नेच्यांत टॅनिनसारखी द्रव्यं भरपूर. पहिल्याच दिवशी द्रावण काळ्या चहासारखं होतं. रोज बदलायचं, जुनंच ठेवलं तर तोच रंग पुन्हा पानात बसतो. खोलीच्या तापमानाला हंसराज एक-दोन दिवसांत होतो, ख्रिस्टेला आणि टेक्टारियाला त्याहून जास्त, आणि चामट टेरिसला आठवडाभरही लागतो. घाई असेल तर ४० अंशांचा ओव्हन. उकळायचं नाही, पातं लगद्यासारखं सुटतं आणि शिरा एकमेकींपासून अलग होतात. लाईट जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून मोठा गट खोलीच्या तापमानालाच चालवणं बरं.

११ जुलै

धुणं, विरंजन, रंग. सोड्यातून काढून साध्या पाण्यात चार-पाच वेळा, पाणी हाताला बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत.

विरंजनाला घरगुती ब्लीच एक भाग, पाणी चार भाग. या पायरीवर जितकं काम सुधारतं तितकंच बिघडतंही. शिरेतल्या जलवाहक पेशींच्या भित्तिकांत लिग्निन असतं आणि सॅफ्रॅनिन हा लाल रंग त्यालाच धरतो. ब्लीच तेच लिग्निन काढून टाकतं. पान पांढरंशुभ्र होईपर्यंत ठेवलं तर दिसायला सुंदर दिसतं, पण शिरा रंग घेत नाहीत. म्हणून पान फिकट पिवळं झालं की बाहेर. हंसराजाला दोन-तीन मिनिटं पुरतात, टेरिसला दहापर्यंत. उरलेलं ब्लीच सॅफ्रॅनिनचाही रंग उडवतं, तेव्हा पुन्हा भरपूर धुवावं. ब्लीचच्या जवळ ॲसिडची बाटली आणू नये, क्लोरिन वायू सुटतो.

नंतर ३० आणि ५० टक्के अल्कोहोल, प्रत्येकी दहा मिनिटं. ५० टक्के अल्कोहोलमधलं १ टक्का सॅफ्रॅनिन, पाच ते पंधरा मिनिटं. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवत राहायचं. पातं फिकट गुलाबी आणि शिरा लाल राहिल्या की थांबायचं. जाड मधल्या शिरेकडं बघून थांबू नये, ती शेवटपर्यंत लालच राहते. कडेच्या बारीक टोकांकडं बघावं, कारण रंग आधी तिथून जातो. ५० टक्के ग्लिसरिनमध्ये स्लाइड, कडा नेलपॉलिशनं बंद.

१८ जुलै

मोजपट्टीची पडताळणी. पारदर्शक फिल्म घेणारा साधा फ्लॅटबेड स्कॅनर वापरतो आहोत. १२०० डीपीआयला एका मिलिमीटरात ४७.२४ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल सुमारे २१ मायक्रोमीटर. २४०० ला साडेदहा. शिरेची लांबी काढायला १२०० चालतं, जाडी काढायला नाही. जाडीसाठी शिरेच्या आडव्या दिशेत किमान पाच पिक्सेल तरी हवेत, आणि बारीक शिरांसाठी ते सूक्ष्मदर्शकावरच मिळतात.

स्टीलची पट्टी दोन्ही दिशांनी स्कॅन करावी. एका दिशेचं माप सेन्सर ठरवतो, दुसऱ्या दिशेचं मोटर, आणि दोन्हींत थोडा फरक असू शकतो. छापील आलेख कागद पडताळणीला घेऊ नये. छपाईत ताण येतो आणि या हवेत कागद फुगतो. सूक्ष्मदर्शकासाठी १ मिमीचे १०० भाग केलेला स्टेज मायक्रोमीटर, प्रत्येक भिंगासाठी वेगळा.

२४ जुलै

मोजण्याआधी शीर कशाला म्हणायचं ते ठरवून भिंतीवर लावलं. हंसराजाच्या काही जातींत शिरांच्या मधोमध, शिरांना समांतर अशा लांबट टणक पेशी असतात. रंग त्याही घेतात आणि कमी मोठेपणावर हुबेहूब बारीक शीर वाटतात. त्या धरल्या तर घनता भलतीच वाढते. ओळख सोपी आहे : ४०० पट मोठं करून पाहावं. खऱ्या शिरेतल्या जलवाहक पेशींच्या भित्तिकांवर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे जाड पट्टे दिसतात. त्या एकट्या पेशींवर ते नसतात, आणि त्या कुठल्याच फाट्याला जोडलेल्या नसतात.

मोकळ्या शिरांच्या नेच्यांना गणिती पडताळणी फुकटात मिळते. प्रत्येक दुहेरी फाट्यानं एक टोक वाढतं, म्हणून टोकं = आत शिरलेल्या शिरा + फाटे. देठातून १ शीर आली आणि ३१ फाटे मोजले तर टोकं ३२ यायलाच हवीत. ३३ आली तर एखादा फाटा सुटला आहे किंवा एकटी पेशी शीर म्हणून धरली गेली आहे. ही पडताळणी पूर्ण पर्णिकेवरच चालते. चौकट कापून घेतली तर चौकटीच्या कडेला खोटी टोकं तयार होतात.

२ ऑगस्ट

हातमोजणीची जाळी. चित्रावर चौकोनी जाळी टाकायची, शिरा जाळीच्या रेषांना किती ठिकाणी छेदतात ते मोजायचं. लांबी = ०.७८५ × छेद × जाळीचं अंतर (०.७८५ म्हणजे पायचा (π) चौथा भाग). समजा ५ × ५ मिमीची चौकट, जाळी ०.५ मिमी, छेद १२०. लांबी ४७.१ मिमी, घनता १.८८. छेद शंभराच्या खाली आले तर जाळी बारीक करावी.

हे सूत्र शिरा सगळ्या दिशांना सारख्या पसरलेल्या असतात असं गृहीत धरतं. टेक्टारियाला ते बऱ्यापैकी लागू आहे. टेरिसला नाही : तिथं बाजूच्या शिरा जवळजवळ समांतर. समांतर शिरा जाळीच्या रेषेच्या दिशेनंच असतील तर उत्तर २१ टक्के कमी येतं. ४५ अंशांत असतील तर ११ टक्के जास्त. पर्णिका स्लाइडवर सरळ ठेवायची सगळ्यांची सवय असते, त्यामुळं ही चूक प्रत्येक स्लाइडवर एकाच बाजूची होते आणि सरासरी काढूनही जात नाही. उपाय : तीच जाळी ०, ३० आणि ६० अंशांत फिरवून तीनदा मोजायचं, सरासरी घ्यायची. मग पूर्ण समांतर शिरांनाही चूक अडीच टक्क्यांच्या आत राहते. वेळ तिप्पट लागतो, पण टेरिस आणि हंसराजासाठी याला पर्याय नाही.

१३ ऑगस्ट

संगणकावर इमेजजे (चित्रावरून मोजमाप करायचा प्रोग्राम). रंगीत चित्राचे तीन थर वेगळे करून हिरवा थर घ्यायचा. सॅफ्रॅनिन हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून शिरा त्या थरात सगळ्यात गडद दिसतात. पार्श्वभूमी सपाट करणं, उंबरठा लावणं (ठरावीक गडदपणापलीकडचे पिक्सेल शीर म्हणून धरणं), मग चित्राचा सांगाडा, म्हणजे प्रत्येक शीर एक पिक्सेल रुंद.

सांगाड्याचे नुसते पिक्सेल मोजून लांबी काढू नये. ४५ अंशांतल्या शिरेत दर पिक्सेलमागं अंतर १.४१४ असतं आणि आपण १ धरतो, म्हणून लांबी २९ टक्के कमी येते. सांगाडा विश्लेषणाचं प्लगइन तिरप्या पावलाला १.४१४ धरतं, ते बरं. पण तेही मधल्या कोनांत जास्तीत जास्त ८ टक्के वाढीव दाखवतं. म्हणून प्रत्येक जातीच्या काही चित्रांवर हातानं रेषा ओढून तुलना करायची आणि त्या जातीचा गुणक ठरवायचा.

याच प्लगइनमध्ये मोकळी टोकं छाटायचा पर्याय आहे. जाळीदार पानांसाठी तो ठीक वाटतो, कारण सांगाडा करताना शिरेच्या खडबडीत कडेवर काटे उगवतात आणि ते काढावे लागतात. नेच्यात तो बंद ठेवायचा. हंसराजाची प्रत्येक शेवटची शीर म्हणजे मोकळं टोकच, आणि हा पर्याय खऱ्या शिरा छाटून टाकतो. काटे काढायला लांबीची मर्यादा लावावी : शिरेच्या जाडीपेक्षा आखूड फांदी काटा, लांब असेल ती शीर. मर्यादा लावल्यावर २४ जुलैची टोकं-फाटे पडताळणी पुन्हा करायची. ती जुळली की चित्रावर विश्वास ठेवता येतो.

२२ ऑगस्ट

टेक्टारिया. जाळीचं प्रत्येक घर वेगळं मोजलं : क्षेत्रफळ, आणि आत मोकळ्या टोकाची शीर आहे का, असली तर साधी की फाटलेली. चौकटीच्या कडेनं कापली गेलेली घरं कशी धरायची, याचा नियम एकच : डाव्या आणि वरच्या कडेला टेकलेली धरायची, उजव्या आणि खालच्या कडेला टेकलेली सोडायची. सगळी कापलेली घरं सोडली तर मोठी घरं जास्त सुटतात, कारण तीच कडेला जास्त लागतात, आणि सरासरी क्षेत्रफळ लहान येतं.

इथली पडताळणी : बंद घरं = शिरांचे तुकडे − (सांधे + टोकं) + सुटे भाग. जाळी सलग असेल तर सुटा भाग १. उंबरठा चुकून शीर मध्ये तुटली की दोन घरं मिळून एक मोठं घर होतं. घनतेत त्याचा फरक नगण्य, घराच्या क्षेत्रफळात मात्र दुप्पट. घनता बरोबर आली म्हणून जाळीही बरोबर असेल असं धरू नये.

४ सप्टेंबर

आडवे छेद. एफएएमधले तुकडे बटाट्याच्या फोडीत धरून नव्या ब्लेडनं. ब्लेड ओलं, ओढ एकाच दिशेनं. रंग टोल्युइडीन ब्लू, ०.०५ टक्के, एक मिनिट.

मोकळ्या आणि जाळीदार नेच्यांची तुलना कशी करायची ते इथं सुटतं. पाण्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं असतं ते शिरेपासून रंध्रापर्यंतचं अंतर. ब्रॉड्रिब आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेलं माप वापरतो आहोत : शिरेपासूनचं सगळ्यात लांबचं आडवं अंतर आणि शिरेपासून बाह्यत्वचेपर्यंतचं उभं अंतर, दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, त्याला १.५७ नं गुणायचं. समांतर शिरांत घनता २ असेल तर दोन शिरांमधलं अंतर ०.५ मिमी, आडवं अंतर २५० मायक्रोमीटर. उभं १०० धरलं तर उत्तर सुमारे ४२३.

हंसराजात घनता सगळीकडं सारखी नसते. फाटा फुटण्याच्या जरा आधी शिरा सगळ्यात दूर असतात आणि फुटल्यावर एकदम जवळ येतात. सरासरी घनतेवरून काढलेलं आडवं अंतर या दूरच्या जागा झाकून टाकतं. म्हणून हंसराजात आडवं अंतर अंतर-नकाशावरून घ्यायचं : इमेजजेमध्ये प्रत्येक पिक्सेलचं जवळच्या शिरेपासूनचं अंतर काढता येतं. त्यातला मध्यक आणि वरचे ५ टक्के, दोन्ही तक्त्यात.

१६ सप्टेंबर

बांधावरच्या, टेरिस वंशातल्याच पण व्हिटाटा नसलेल्या नमुन्यांत टेरिस बायऑरिटा आणि टेरिस क्वाड्रिऑरिटा यांची सरमिसळ होती. वरून दोन्ही सारखे, शिरांवरून सहज वेगळे. बायऑरिटात शेजारच्या खंडांच्या तळाच्या शिरा कमानीनं जोडल्या जातात आणि मधल्या दांड्यालगत घरांची एक ओळ तयार होते. क्वाड्रिऑरिटात त्या मोकळ्या राहतात. ताजी पर्णिका उजेडासमोर धरून दहा पट भिंगातून पाहिली तरी पुरे, रसायन लागत नाही. बायऑरिटा पाचवी जात म्हणून घेतला. दांड्यालगतची ओळ आणि बाकीचं मोकळं पातं यांची घनता वेगवेगळी नोंदवायची, एकत्र नाही.

तक्त्याचे रकाने ठरले : क्रमांक, जात, जागा, पानातलं स्थान, वांझ की बीजाणूधारी, ताजं क्षेत्रफळ, आटण्याचा गुणक, घनता (जाळीनं), घनता (सांगाड्यानं), टोकं, फाटे, घरांची संख्या आणि मध्यक क्षेत्रफळ, शिरेपासूनचं अंतर (मध्यक आणि वरचे ५ टक्के), कोणी मोजलं. शेवटचा रकाना गाळायचा नाही. प्रत्येक गटातल्या काही स्लाइड दोघांनी क्रमांक झाकून मोजायच्या, आणि दोघांचा फरक ५ टक्क्यांच्या वर गेला तर त्या गटाची शिरेची व्याख्या पुन्हा भिंतीवरच्या कागदाशी ताडायची.

पाऊस ओसरला की हंसराजाची पानं पिवळी पडून वाळतात. त्याचे उरलेले नमुने या महिन्यातच आणायचे. टेरिस आणि टेक्टारिया ऑक्टोबरात आणले तरी चालतील.